मोबाइलमधील अस्पृश्यता आणि आपली कोवळी मुले

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये आनंदाला भरते येते. विहारात गुणवंतांचे सत्कार होतात, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मुलाला उभे करून फोटो काढला जातो. किती टक्के मिळाले, कोणत्या कॉलेजला नंबर लागला, हे सारे विचारले जाते. परंतु त्याच टक्क्यांविषयी त्या मुलाच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय लिहिले गेले, हे कुणी विचारत नाही. 'सरकारचे जावई', 'कोट्यातला', 'आमच्यापेक्षा कमी मार्क आणि आमच्याआधी ॲडमिशन' ही वाक्ये तो मुलगा सत्काराच्या रात्रीच अंथरुणात पडून वाचत असतो. भिंतीवरच्या खिळ्याला लावलेला हार तेव्हा अजून सुकलेलाही नसतो.

याला शहरी भाषेत 'सायबर बुलिंग' म्हणतात. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरातील पाहण्यांच्या आधारे सांगितले की, जवळजवळ दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला महिन्याभरात किमान एकदा तरी बरोबरीच्या मुलांकडून छळ सोसावा लागतो. म्हणजे हे दुखणे एकट्या आपल्या मुलांचे नाही. कुणाला जाडेपणावरून, कुणाला रंगावरून, कुणाला बोलण्याच्या लकबीवरून छळले जाते. तेही क्रूर आहे आणि त्यातूनही कोवळी मुले मोडून पडतात. पण आपल्या मुलाला छळले जाते ते त्याच्या जन्मावरून. त्या एका शिवीत त्याचे आईबाप येतात, त्याची वस्ती येते, त्याचे महापुरुष येतात. वजन कमी करता येते. जन्म कसा बदलायचा? म्हणून हा प्रकार पोरखेळ समजून सोडून देण्यासारखा नाही. हा अस्पृश्यतेचा मोबाइलमध्ये शिरलेला अवतार आहे आणि त्याच्याशी घराघरात एकेकट्याने नव्हे, तर चळवळ म्हणून लढावे लागेल.

बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असतानाचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलावले आणि वर्गातील सवर्ण मुलांनी एकच गलका केला. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. ते विटाळू नयेत म्हणून मुले धावली, डबे दूर केले आणि मगच भीमरावांचा हात फळ्याला लागू शकला. या प्रसंगातील एक बाब आपण फारशी ध्यानात घेत नाही. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसविणारी व्यवस्था मोठ्या माणसांनी लावलेली होती. शिपाई नसला तर पाणी नाही, हा नियमही मोठ्यांचाच होता. पण एल्फिन्स्टनमध्ये डबे हलविण्याचा हुकूम कुणी दिला नव्हता. ती बरोबरीची, त्याच वयाची मुले होती. घरून शिकून आलेली जात त्यांनी वर्गात आपल्या हाताने राबविली.

तरीही त्या काळी एक गोष्ट होती. शाळा सुटली की अपमान शाळेच्या दारात थांबत असे. परळच्या चाळीतली ती एक खोली अपुरी होती, पण तेथे सुभेदार रामजी होते. पहाटे दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठविणारा बाप होता. चाळीत, वस्तीत आपली माणसे होती. पिढ्यानपिढ्या आपल्या मुलांना वस्तीने हाच आसरा दिला. बाहेर कितीही हिणवले तरी वस्तीच्या तोंडाशी आले की छाती पुन्हा भरून येत असे. आज तो आसरा तुटला आहे. वर्गातला फळा आणि त्यामागचे डबे आता मुलाच्या खिशात आहेत, उशाखाली आहेत. रात्री अकरा वाजता आई शेजारी झोपलेली असताना चाळीस मुलांचा वर्ग त्याच्या हातातल्या पडद्यावर जमतो आणि हसतो. आईला काही ऐकू येत नाही.

शाळेतल्या तोंडी चिडवण्याहून हे वेगळे का आहे, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे. तोंडी शिवी हवेत विरते. पडद्यावरची शिवी राहते, पुन्हा पुन्हा वाचली जाते, एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जाते. समोरासमोर शिवी देणाऱ्याला रडणारा चेहरा पाहावा लागतो आणि कधीतरी लाज वाटते; मोबाइलवर समोरचा चेहराच नाही, म्हणून लाजही नाही. शिवी देणारे दोघेच असतात, पण हसण्याचे चिन्ह टाकणारे वीस असतात आणि गप्प बसणारे उरलेले सगळे. मुलाला वाटते, साऱ्या जगानेच आपल्याविरुद्ध निकाल दिला. त्यात ती निनावी इन्स्टाग्राम पाने असतात. कॉलेजच्या नावाने 'कन्फेशन' म्हणून ती चालविली जातात आणि तेथे कुणाविषयीही काहीही लिहिता येते. मुलींचे तर आणखी हाल. २०२० च्या मे महिन्यात दिल्लीतील शाळकरी मुलांच्या 'बॉइज लॉकर रूम' नावाच्या इन्स्टाग्राम ग्रुपचे प्रकरण देशभर गाजले. मुलींचे फोटो टाकून त्यांच्याविषयी अश्लील चर्चा करणारी ती मुले चांगल्या शाळांतील होती. अशा नजरेला जातीची जोड मिळाली की आपल्या मुलीच्या वाट्याला काय येते, हे शब्दांत सांगण्याची गरज नाही.

छळाची सुरुवात कुठून होते, तेही पाहा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो आणि शिक्षक भर वर्गात 'एससीवाले उभे राहा' म्हणतात. सरांच्या मनात काही नसेलही. पण त्या दिवसापासून वर्गाला यादी मिळते. मग आडनाव विचारले जाते. मग गुण विचारले जातात. मग चौदा एप्रिल येतो. मुलगा अभिमानाने बाबासाहेबांच्या फोटोचे स्टेटस ठेवतो. कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढतो, त्यावर काहीतरी विकृत लिहून वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. ज्या समाजाने २०१५ मध्ये शिर्डीत आपल्या एका तरुणाचा केवळ मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून झालेला खून पाहिला आहे, त्या समाजाने मोबाइलवरच्या अपमानाला क्षुल्लक म्हणू नये. तिथे हात होते, इथे बोटे आहेत. द्वेष तोच आहे.

परिणाम काय होतात? मुलगा बोलायचा थांबतो. झोप उडते, जेवण सुटते. पोट दुखते, डोके दुखते असे सांगून शाळा बुडवू लागतो. हुशार मुलाचे गुण घसरतात. स्टेटसवरचा बाबासाहेबांचा फोटो गुपचूप निघतो. आडनाव सांगताना जीभ अडखळते. मित्रांना घरी आणायचे टाळले जाते, कारण घराच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. आपण म्हणतो, पोरगा वयात आला, चिडचिडा झाला. खरे तर पोरगा स्वतःची लाज बाळगायला शिकत असतो. ज्या लाजेतून बाबासाहेबांनी आपल्याला १९५६ मध्ये नागपूरच्या भूमीवर बाहेर काढले, त्याच लाजेत आपली तिसरी-चौथी पिढी एकेकटी, बंद खोलीत परत ढकलली जात आहे. यापेक्षा मोठी हानी कोणती?

आणि काही मुले यातून परत येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक १,७६४ महाराष्ट्रातील होते. फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्यासाठी ही आकडेवारी लाजिरवाणी आहे. प्रत्येक आत्महत्येमागे छळच असतो असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल; आजार, घरची परिस्थिती, परीक्षेचा ताण अशी अनेक कारणे एकत्र येतात. पण जात हे कारण तपासायचेच नाही, असा निश्चय करून चौकशा होतात, हा आपला अनुभव आहे. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षात शिकणारा अवघा १८ वर्षांचा दलित विद्यार्थी गेला. त्याच वर्षी आयआयटी दिल्लीतील दोन दलित विद्यार्थी गेले. त्या दोघांच्या पालकांना साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. ही मुले उच्च शिक्षणापर्यंत पोहोचलेली होती, म्हणून निदान बातमी झाली. जी मुले नववी-दहावीतच दप्तर टाकून देतात, त्यांची बातमी होत नाही. त्यांची नोंद 'गळती' या शब्दाखाली होते.

आता आपण घरात काय करतो ते पाहू. मुलाने चुकून सांगितलेच तर त्याला दोनपैकी एक उत्तर मिळते. पहिले उत्तर : 'दुर्लक्ष कर.' काही सुशिक्षित पालक त्याला तथागतांच्या कथेचा आधार देतात. शिव्या देणाऱ्या ब्राह्मणाला भगवंतांनी विचारले की, पाहुण्याने नाकारलेले अन्न कुणाकडे राहते? तशाच तुझ्या शिव्या तुझ्याकडेच राहिल्या. कथा थोर आहे. पण ते सामर्थ्य दीर्घ साधनेने स्थिर झालेल्या चित्ताचे आहे. पंधरा वर्षांच्या पोराला ही कथा सांगून आपण मोकळे होतो, तेव्हा आपण त्याला धम्म देत नाही. त्याला एकटे सोडतो. शिवाय त्या कथेत भगवंत गप्प बसलेले नाहीत. त्यांनी समोरच्याला प्रश्न विचारला, उत्तर द्यायला लावले. दुर्लक्ष हा त्या कथेचा अर्थच नव्हे.

दुसरे उत्तर : 'आण तो मोबाइल इकडे.' शिक्षा कुणाला झाली? छळणारा मोकळा, छळ सोसणाऱ्याचा मोबाइल जप्त! दुसऱ्या दिवसापासून मुलगा काही सांगायचा बंद होतो. मुलगी असेल तर मोबाइलपाठोपाठ कॉलेज जाते आणि कॉलेजपाठोपाठ स्थळे पाहणे सुरू होते. कोरोनाच्या काळात २०२० मध्ये शाळा मोबाइलवर आली, तेव्हा घरात मोबाइल नसल्यामुळे आपली किती मुले मागे पडली, ते आपण डोळ्यांनी पाहिले. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, खासगी शिकवणीला पैसे नाहीत, त्यांच्यासाठी मोबाइल हेच वाचनालय आहे आणि तीच शिकवणी आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. तेथेही जबाबदारी टाकली ती कंपन्यांवर. मुलांना वा पालकांना दंड ठेवलेला नाही. वापराला वेळेची शिस्त हवी, रात्री मोबाइल उशाशी नको, हे खरेच. पण पाणवठ्यावर मारहाण होते म्हणून आपल्या पूर्वजांनी तहानलेले राहणे पत्करले नाही. ते महाडला गेले. १९२७ चा तो धडा मोबाइललाही लागू आहे.

वकील म्हणून मला लढाईचा मार्ग कायद्यातून दिसतो, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यातील कलम ३(१)(आर) आणि (एस) यांनुसार जाणीवपूर्वक अपमान करणे व जातिवाचक शिवी देणे हा गुन्हा आहे. मात्र तो 'लोकांच्या नजरेसमोर' घडला पाहिजे. मोबाइलवरचा अपमान लोकांच्या नजरेसमोर होतो काय? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेसबुकवरील मजकुराबाबत सांगितले की, खात्याची मांडणी खासगी ठेवली म्हणून फरक पडत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटले की, पीडित व्यक्ती त्या जागी प्रत्यक्ष हजर नसली तरी इंटरनेटवर मजकूर पाहिला जातो, तेव्हा ती तेथे आहे असेच मानले पाहिजे. दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये चार भिंतींआड, तिऱ्हाईत कुणी नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे ठरविले. २०२४ मध्ये, दलिताचा प्रत्येक अपमान हा जातीवरून केलेला अपमान ठरत नाही, असेही सांगितले. म्हणजे एकट्याला पाठविलेला खासगी संदेश आणि चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकलेला संदेश यांत कायद्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. तक्रार लिहिताना ग्रुपचे नाव, सदस्यसंख्या, इतर सदस्यांच्या प्रतिक्रिया आणि शिवीतला नेमका जातिवाचक शब्द ही माहिती आलीच पाहिजे. 'मला घाण शिव्या दिल्या' एवढ्याने काम भागत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांना आणखी दोन कलमे ठाऊक असली पाहिजेत. कलम ३(१)(यू) समूहाविषयी द्वेष पसरविण्याबद्दल आहे. कलम ३(१)(व्ही) अनुसूचित जातींना आदरणीय असलेल्या दिवंगत महापुरुषाचा अनादर करण्याबद्दल आहे. या दोन्ही कलमांत 'लोकांच्या नजरेसमोर' ही अटच लिहिलेली नाही. बाबासाहेबांची विटंबना करणारे चित्र वर्गाच्या ग्रुपवर फिरत असेल, तर हे दुसरे कलम सरळ लागू पडू शकते. आणि १९९० पासून बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण कायद्याने आहे. तेव्हा जातीचा दाखला तयार ठेवा. पोलीस ठाण्यात पहिला अडथळा तेथेच येतो. मुलीचा पाठलाग, धमकी, बनावट खाते, फोटो बदलून अश्लील करणे यासाठी भारतीय न्याय संहिता, माहिती तंत्रज्ञान कायदा आणि 'पॉक्सो' यांत वेगवेगळी कलमे आहेत. काही कार्यकर्ते अजून '६६अ लावा' म्हणून निवेदने देतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले आहे. मेलेल्या कलमाखाली तक्रार देऊ नका.

आता पुराव्याविषयी. माझ्याकडे एक बाप आपल्या दहावीतल्या मुलाला घेऊन आला होता. मुलाच्या चौदा एप्रिलच्या स्टेटसची वर्गाच्या ग्रुपवर तीन दिवस विटंबना चालली होती. बापाने संतापून ग्रुप सोडायला लावला, सारे पुसून टाकले आणि मग वकिलाकडे आला. आता मी न्यायालयात काय दाखवू? २०१४ मध्ये नगर जिल्ह्यातील खर्डा येथे आपल्या १७ वर्षांच्या शाळकरी मुलाचा निर्घृण खून झाला. त्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, ही जखम अजून भरलेली नाही. गावात राहायचे आहे म्हणून साक्षीदार फुटतो. मोबाइलमधला पुरावा फुटत नाही, पण तो जपला तरच! म्हणून संताप आला तरी पुसू नका. तारीख, वेळ, पाठविणाऱ्याचा क्रमांक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. मूळ संदेश मूळ मोबाइलमध्येच राहू द्या, तो मोबाइल विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्याच खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात पक्के केले. आज ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. हे काम वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. छळणाराही लहानच असेल तर? बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. त्याखालील नियमांनुसार, अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत कुणी प्रौढ नसेल, तर अठरा वर्षांखालील मुलाविरुद्ध एफआयआर दाखल होत नाही. पोलीस दैनंदिनीत नोंद होते, त्याच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळापुढे जातो. आपले लोक म्हणतात, हा अन्याय आहे. मला तसे वाटत नाही. हाच कायदा उद्या आपल्या मुलाचेही रक्षण करणार आहे आणि गरिबांची मुलेच पोलिसांच्या हाती आधी सापडतात, हे आपण जाणतो. चौदा वर्षांच्या पोराला कोठडीत घातल्याने जात मरत नाही. ती आणखी कडवट होते. पण नोंद झालीच पाहिजे. त्या मुलाच्या आईबापांना मंडळापुढे बसावे लागले पाहिजे. कारण डबे हलवायला शिकविणारे तेच आहेत.

खरा जाब विचारायचा तो शाळेला. 'ग्रुप मुलांनी काढला, शाळेच्या बाहेरचा विषय आहे', असे मुख्याध्यापक सांगतात. हे उत्तर आता चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील मानसिक छळाला २००९ मध्येच बंदी केली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये शाळांमध्ये 'सखी सावित्री समिती' स्थापण्याचा निर्णय काढला आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेव साहा खटल्यात मानसिक आरोग्य हा जीवन जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे या सर्वांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक हवा. जात, वर्ग, लिंग, धर्म यांवरून होणाऱ्या छळाची गुप्तपणे तक्रार करण्याची व्यवस्था हवी. तक्रार करणाऱ्यावर सूड उगवला जाता कामा नये आणि वेळेवर कारवाई केली नाही तर संस्थाच दोषी धरली जाईल. स्वतंत्र कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. आपल्या तालुक्यातील किती शाळांत ही व्यवस्था आहे? एक माहिती अधिकाराचा अर्ज टाकून पाहा. पुतळ्याच्या सुशोभीकरणासाठी आपण दहा निवेदने देतो. त्यातले एक निवेदन शाळेत समुपदेशक नेमा म्हणून का असू नये?

कंपन्यांनाही मोकळे सोडता येणार नाही. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकच्या माजी कर्मचारी महिलेने अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली. इन्स्टाग्राममुळे अनेक किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी अधिकच वाईट वाटते, हे कंपनीच्याच पाहणीत दिसले होते. ब्रिटनमध्ये एका १४ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची चौकशी झाली आणि समाजमाध्यमांवरील मजकूर तिच्या मृत्यूस हातभार लावणारा होता, असा निष्कर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये नोंदविला गेला. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या नियमांत जातीवरून हल्ला करण्यास मनाई लिहिलेली आहे. पण कागदावरचा नियम आणि मराठीतली शिवी यांची गाठ कुणी घालून द्यायची? इंग्रजीत न सापडणारी जातिवाचक शिवी मराठीत राजरोस फिरते. आपल्या देशातील नियमांप्रमाणे या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. तक्रार करताना मराठी शब्दाचा अर्थ आणि त्यामागची जात स्पष्ट लिहा, पोचपावती जपा आणि दाद मिळाली नाही तर अपील समितीकडे जा.

हे सारे सांगितल्यावर आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपली मुले नेहमी सोसणारीच असतात असे नाही. 'जय भीम' लिहिलेल्या खात्यांवरून दुसऱ्या समाजातील मुलींविषयी घाणेरडे लिहिणारी पोरे आपल्यातही आहेत. आपल्याच समाजातील एखाद्या मुलीने वेगळे मत मांडले, तर तिच्या चारित्र्यावर तुटून पडणारेही आपलेच आहेत. एका गटाचा नेता दुसऱ्या गटाच्या नेत्याला समाजमाध्यमांवर ज्या भाषेत बोलतो, तीच भाषा आपली पोरे उचलतात. अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. खोटे बोलणे, चहाडी, कठोर बोलणे आणि निरर्थक बडबड या चारही गोष्टी तिने वर्ज्य केल्या आहेत. पंचशील घेताना आपण जी वाणी शुद्ध ठेवण्याचे वचन देतो, ते बोटांनाही लागू आहे, हे मुलांना सांगायला हवे. शिवीला शिवी हे बाबासाहेबांचे उत्तर कधीच नव्हते. त्यांनी सत्याग्रह केला आणि खटलाही लढला. चवदार तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये आपल्या बाजूने संपला. दहा वर्षे लागली, पण तळे कायद्याने मिळाले.

मग उद्यापासून काय करायचे? फार मोठे काही नाही. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मुलांसाठी ठेवा. भाषणासाठी नको, ऐकण्यासाठी ठेवा. एक ताई आणि एक दादा असे दोघे नेमा. त्यांनी मुलाचा मोबाइल काढून न घेण्याचे आणि त्याची गोष्ट वस्तीत चघळू न देण्याचे वचन द्यावे. तालुक्यातील आपल्या वकिलांची आणि डॉक्टरांची यादी विहाराच्या भिंतीवर लावा. त्याखाली ठळक अक्षरांत चार क्रमांक लिहा : संकटातील मुलांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आणि मन खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर टेली-मानस १४४१६. मुलाने जीव देण्याची भाषा केली, तर ती नौटंकी समजू नका. त्या रात्री त्याला एकटे ठेवू नका आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्या. मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

आणि रोज रात्री, जेवताना, टक्के विचारण्याआधी मुलाला एक प्रश्न विचारा : 'आज ग्रुपवर कुणी काही बोलले का रे?' पहिल्या दिवशी तो 'नाही' म्हणेल. दुसऱ्या दिवशीही 'नाही' म्हणेल. विचारत राहा. ज्या दिवशी तो मोबाइल तुमच्या हातात देऊन 'बाबा, हे वाचा' म्हणेल, त्या दिवशी तुटलेली वस्ती पुन्हा त्याच्या पाठीशी उभी राहिलेली असेल.

जय भीम!